हेमप्रभाताईंचा वाढदिवस

कोल्हापुरात ज्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागला नाही, तो माणूस जगला काय आणि न जगला काय, सारखंच. फलकावर त्याचा फोटो पाहिजे, फोटोत कानाला मोबाइल पाहिजे, मागं एखादा वाघ पाहिजे आणि खाली शुभेच्छुकांची एवढी तोंडं पाहिजेत की बघणाऱ्याला घेरी यावी. भाऊसोंना या प्रकाराची मनापासून चीड. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढलेला माणूस. कागदावर नुसती खाडाखोड दिसली तरी त्यांचा रक्तदाब वाढायचा. फलकांच्या विरोधात त्यांनी वर्तमानपत्राला पत्रसुद्धा लिहिलं होतं. ते छापून आलं, पण शेजारी एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात होती आणि लोकांनी चौकशी केली ती म्हशीची. अशा माणसाच्या हातून मंगळवार पेठेतला सगळ्यात गाजलेला फलक लागावा, याला नशीब नाही तर काय म्हणायचं.

झालं असं, की पेठेतल्या तालमीच्या माडीवर एक खोली आहे आणि त्या खोलीत वाचनालय आहे. आहे म्हणजे, कपाटं आहेत, कपाटांत पुस्तकं आहेत आणि संध्याकाळी टेबलामागं चिटणीस म्हणून भाऊसो आहेत. वाचक तेवढे नव्हते. एक गृहस्थ पेपर चाळायला यायचे, तेही खाली दाढीच्या दुकानात गर्दी असली तर. पण भाऊसोंनी एक संध्याकाळ चुकवली नाही. त्यांच्या बायकोचं, अंजनाकाकूंचं, लग्न झाल्यापासून एकच मागणं होतं. एकदा सवडीनं जोतिबाला जाऊ, पळत दर्शन घेऊन पळत माघारी नको, पायऱ्यांवर घटकाभर निवांत बसू. नोकरीत होते तोवर भाऊसोंना पाटबंधाऱ्यामुळं सवड नव्हती आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयामुळं नव्हती. काकूंनी मागायचं सोडलं नव्हतं, एवढंच.

आणि एके दिवशी तालमीचे अध्यक्ष विजयसिंह जिना चढून वर आले. एकेकाळचे नावाजलेले पैलवान. ते वर आले की जिना कुरकुरतो आणि खोली लहान वाटायला लागते.

“भाऊसो, राग मानू नका,” ते म्हणाले. “पर ही खोली जिमला पायजे. पोरांस्नी मशिनी पायजेत. मागवल्यात बी. खंडेनवमीला हितंच त्यांची पूजा घालायची.”

“आणि पुस्तकं?”

“पुस्तकं काय बैठका मारत्यात व्हय? ठिवू की खाली, आखाड्याच्या कडंला.”

आखाड्याची माती म्हणजे तेल, ताक आणि हळद घालून मळलेली. तिच्या कडेला ज्ञानकोशाचे खंड कसे दिसतील, हे भाऊसोंच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. फार वाईट वाटलं त्यांना. रागाच्या भरात ते बोलून गेले, “लोक येतात वाचायला.”

विजयसिंहांनी शांतपणे सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, एका कपाटामागंही वाकून बघितलं. “खंडेनवमीच्या आत ह्या जिन्यावर रांग दावा,” ते म्हणाले. “मशिनी माघारी धाडतो. पैलवानाचा शबुद हाय.”

घरी काकूंनी हे ऐकून हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. “रांग? तुमच्यात? रॉकेल वाटणार हाय काय?” भाकरीनं चांगलाच धूर काढल्यावर मात्र त्या म्हणाल्या, “‘उशिराचं चांदणं’ भाईर काढा. आलं कोण तर त्याच्यासाठी येईल.”

‘उशिराचं चांदणं’ ही पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी. पेठ वडगावची एक शाळामास्तरीण, हेमप्रभा सरनोबत. जोतिबावर दवाखाना चालवणारा एक डॉक्टर तिला मागणी घालतो आणि ती त्याला सांगते, मला सवड नाही. धाकटी भावंडं शिकायची आहेत. भावंडं शिकतात, नोकरीला लागतात, लग्नं करतात, आणि एकालाही ताई आठवत नाही. मग केस पिकायला लागल्यावर एका संध्याकाळी ती आपली आपण जोतिबाच्या पायऱ्या चढते, दवाखान्याच्या दारात उभी राहते आणि डॉक्टरला म्हणते, “आता मला सवड आहे. तुम्हाला आहे का?” एवढ्या एका वाक्यावर कोल्हापुरातल्या बायकांच्या दोन पिढ्या पदरानं डोळे पुसत आल्या आहेत. वाचनालयातली प्रत इतकी झिजली होती, की भाऊसोंनी तिला चार वेळा नवी बांधणी करून आणली होती. वाचली मात्र एकदाही नव्हती. प्रेमकथा वाचणं हेडक्लार्कच्या पदाला शोभत नाही, असं त्यांचं मत. पुस्तकाची योग्यता त्याच्या झिजण्यावरून कळते, त्यासाठी आत डोकावायची गरज काय?

त्यांनी दारातल्या फळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरात लिहिलं की अमुक कादंबरीला पन्नास वर्षं झाली, जिज्ञासूंनी लाभ घ्यावा. कुणी घेतला नाही. फळ्याच्या खिळ्याला कुणीतरी लंगोट वाळत घातला, तेवढाच काय तो प्रतिसाद.

शेवटी मनावर दगड ठेवून ते अतुलकडं गेले. अतुल म्हणजे पेठेतला डिजिटलवाला, फलक छापणारा. निम्म्या शहराचे वाढदिवस त्याच्या दुकानातून निघायचे.

“काका, पुस्तकाचा फलक कोण वाचतंय?” अतुल म्हणाला. “माणसाचा पायजे. माणूस हाय का त्यात?”

“बाई आहे.”

“मग तिचा वाढदिवस कधी असतोय?”

भाऊसोंना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. काकूंना फोन लावला. त्यांनी पापणी लवायच्या आत सांगितलं: नवरात्रातली पाचवी माळ. खंडेनवमीच्या आधीच येत होती, म्हणजे देवीनंच मनावर घेतलेलं.

अतुलनं मुखपृष्ठावरची बाई उचलली. एका बाजूला तोंड केलेली, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. तिच्या मागं त्यानं वाघ घातला. भाऊसो म्हणाले, कादंबरीत वाघ नाही. अतुल म्हणाला, वाघ काढला तर वाढदिवस वाटत न्हाय. बराच वेळ खल होऊन वाघ बसलेला दाखवावा असं ठरलं. ‘मा. हेमप्रभाताई सरनोबत यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ ही वर ओळ. त्यातलं ‘मा.’ आणि ‘ताई’ अतुलनं आपल्या पदरचं घातलं. त्याशिवाय त्याचा हात पुढं चालत नसे. खाली मोठ्या अक्षरात भाऊसोंनी काकूंना विचारून सांगितलेलं वाक्य, ‘आता मला सवड आहे. तुम्हाला आहे का?’ आणि त्याखाली बारक्या अक्षरात, भेटा वाचनालयात. मग शुभेच्छुक. तालमीतल्या यच्चयावत पोरांनी आपापले फोटो पाठवले. विजयसिंहांना अतुलनं एवढंच विचारलं, गदा घेतलेला टाकू का फेटा बांधलेला? ते म्हणाले, दोन्ही टाक. वाढदिवस कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही. पेठेत तसं विचारायची पद्धत नाही.

आता फलकाला रीतसर परवानगी घ्यायची, हा भाऊसोंचा हट्ट. अतुल म्हणाला, “उगं कशाला काका? परवानगी काढली की लोकास्नी संशय येतोय.” पण भाऊसो अर्ज घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण कारकून होता.

“आधार कार्डाची झेरॉक्स जोडा, बाईंच्या.”

“त्यांचं आधार कार्ड नाही.”

“वारल्यात काय? मग ह्यो वाढदिवस न्हवं, जयंती. जयंतीचा अर्ज येगळा.”

“वारलेल्या नाहीत.”

“मग हयातीचा दाखला आणा.”

भाऊसोंनी घसा साफ केला. “त्या कादंबरीतल्या आहेत. म्हणजे, तशा त्या जन्मलेल्याच नाहीत.”

“जन्मल्या न्हाईत, आणि वाढदिवस करायलाय?”

रांगेतली माणसं हसली. भाऊसोंचे कान तापले. स्वतः खुर्चीत असताना त्यांनी यापेक्षा कितीतरी सफाईनं अर्ज माघारी धाडले होते, आणि नव्या पिढीच्या हाताला ते वळण नाही याचंही त्यांना वाईट वाटलं. ते वळणार, इतक्यात आतल्या टेबलावर डबा खात बसलेल्या मॅडम उठून आल्या.

“कुठली हेमप्रभा? चांदण्यातली?” त्यांनी अर्ज ओढून घेतला. “मी कॉलेजात असताना आईच्या चोरून वाचलीय. मागनं कळलं, आई माझ्या चोरून वाचत होती. सांगा बघू, शेवटाला डॉक्टर दार उघडतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं?”

भाऊसोंनी अर्जाकडं बघितलं. “शासकीय कामाच्या व्यापात… नेमकं स्मरत नाही.”

“कंदील हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. “आधारच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहा,” त्यांनी कारकुनाला सांगितलं आणि डब्याच्या हातानंच सही ठोकली.

फलक लागला, आणि चोवीस तासांत प्रभागातलं राजकारण गदागदा हललं. कारण प्रभाग यंदा महिलांसाठी राखीव झालेला. माजी नगरसेवक यशराज यांनी आपल्या पत्नी वर्षाराणी यांना उभं करायचं ठरवून हळदीकुंकूसुद्धा उरकलं होतं. अशात भर चौकात ही कोण ताई? सोबत अख्खी तालीम, खुद्द विजयसिंह दोन-दोन फोटोंत, आणि वर विचारते, आता मला सवड आहे, तुम्हाला आहे का? यशराज पेढ्यांचा पुडा घेऊन भाऊसोंच्या घरी हजर झाले.

“पावणं, ह्या सरनोबत बाई कुठल्या?”

भाऊसोंनी खुलासा करायला तोंड उघडलं, तोच काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. “वडगावच्या,” त्या म्हणाल्या. “मास्तरीण.”

“म्हंजे शिक्षकांची मतं गेली. लगीन झालंय?”

“उशिरा झालं. डॉक्टरशी. जोतिबावर दवाखाना हाय त्यांचा.”

“डॉक्टर लोकं बी त्यांच्याच पाठीशी,” यशराजांनी कपाळ पुसलं. “आणि जोतिबा म्हंजे गुरवांची, दुकानदारांची मतं. स्वभावाला कशा हाईत?”

“सगळ्यांचं केलं, आणि कुणाकडं कायबी मागितलं न्हाय,” काकू म्हणाल्या. हे मात्र त्या अगदी मनापासून बोलल्या. यशराजांचा चेहरा उतरला. असल्या उमेदवारापुढं काय प्रचार करायचा? काकूंनी पेढ्यांचा पुडा उचलून आत ठेवला आणि सांगितलं, “सगळी म्हायती पुस्तकात दिलीया. वाचनालयात मिळंल.”

दुसऱ्या दिवशी यशराजांची माणसं वाचनालयात आली. त्यांना बघून बाकीच्या इच्छुकांची माणसं आली. प्रत एकच. भाऊसो कडक शब्दांत म्हणाले, आधी सभासद व्हा, मग क्रमानं बसा. पुढाऱ्यांची धिप्पाड माणसं बाकांवर खांद्याला खांदा लावून एका पुस्तकावर वाकली, एकानं पान उलटलं की दुसरा म्हणायचा, “थांब की मर्दा, माझं व्हायचंय.” संध्याकाळी आठवण येऊन पेठेतल्या बायका आल्या. कुणाला पुस्तक पुन्हा वाचायचं होतं, कुणाला सुनेला वाचायला द्यायचं होतं. रांग जिन्यावरून उतरून खाली आखाड्यापर्यंत गेली. भाऊसो छाती काढून विजयसिंहांना बोलावून आले.

विजयसिंहांनी रांग बघितली आणि मान हलवली. “ही इलेक्शनची रांग, भाऊसो. वाचणाऱ्यांची न्हवं. ती बाई खरी न्हाय हे कळायचा अवकाश, जिना मोकळा.” त्यांना आता सगळं कळलं होतं आणि दोन्ही फोटोंवरून घरच्यांनी बोलून घेतलं होतं. “पाचव्या माळेला वाचून दावा समद्यांस्नी. आधी खरं सांगायचं, मग वाचायचं. त्यावर माणसं बसून राह्यली, तर खोली तुमची.”

पाचवी माळ उजाडली, आणि नेमक्या त्याच दिवशी मशिनी आल्या. विजयसिंहांनी त्या खोलीतच उतरवून घेतल्या. जागा उरली नाही, म्हणून माणसं मशिनींवर बसली. पळायच्या पट्ट्यावर बायकांनी सतरंजी टाकली. शेजारच्या तानाबाई, वयानं पेठेत सगळ्यांत थोरल्या, वजन उचलायच्या बाकड्यावर मांडी घालून बसल्या. पुढच्या खुर्च्यांवर यशराज आणि वर्षाराणी; शत्रू जवळून बघावा म्हणून आलेले. खाली चौकातही कर्णा लावलेला. भाऊसो पुस्तक घेऊन टेबलामागं बसले होते. एवढी माणसं त्यांनी वाचनालयात कधी पाहिली नव्हती, आणि घटकाभरानं ही सगळी उठून जाणार, मग पुस्तकं आखाड्याच्या कडेला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

ते उभे राहिले आणि खरं ते बोलले. “हेमप्रभा सरनोबत या नावाची कोणीही व्यक्ती अस्तित्वात नाही.”

यशराज अर्धवट उठले.

“न्हाय कशी?” तानाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आमी वाचलीया की.”

“माझ्या सासूबाईंनी मला वाचून दाखवलीया,” मागून एक जण म्हणाली. “न्हाय म्हणतोय ह्यो बाबा.” बायकांत असा गलका उठला, की भाऊसोंना पुढचं निवेदन गिळावं लागलं. त्यांनी घाईघाईनं शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

आता भाऊसो वाचणार म्हणजे परिपत्रकच. हेमप्रभा पायऱ्या चढू लागली हे त्यांनी अशा आवाजात वाचलं, की कालव्याला पाणी सोडल्याची सूचना वाटावी. पोरं खुसखुसली. मागची दोन-चार माणसं उठून जिन्याकडं सरकली. विजयसिंहांनी भाऊसोंकडं बघितलं, त्या नजरेत कीव होती. ती कीव भाऊसोंना फार लागली. ते आणखी जोरात वाचू लागले, आणि आणखी वाईट.

पण मग ती पायरी आली, जिथं हेमप्रभा दम खायला टेकते आणि माघारी जायचं ठरवते. भाऊसोंचा आवाज बारीक झाला. दोन वाक्यं त्यांनी हळूच वाचली. मग ते थांबले. लोकांना वाटलं, पाणी पाहिजे असेल. पण भाऊसोंनी पाणी मागितलं नाही. त्यांनी पान उलटलं. डोळे ओळींवरून भराभर चालले होते, ओठ मिटलेले. त्यांनी आणखी एक पान उलटलं.

“ओ भाऊसो, मोठ्यानं,” कुणीतरी ओरडलं. भाऊसोंना ऐकूच गेलं नाही. पुढं काय होतं ते कळल्याशिवाय त्यांना आता कुणाशी बोलायचं नव्हतं. चार वेळा बांधून आणलेलं पुस्तक माणूस पहिल्यांदाच वाचत होता, तेही सगळ्या पेठेपुढं, कर्णा चालू ठेवून. जिन्याकडं गेलेली माणसं हा प्रकार बघायला माघारी आली.

“अवो, गेली का माघारी ती?” यशराज न राहवून म्हणाले. “सांगा की कोणतरी.”

तेव्हा अंजनाकाकू उठल्या. पुस्तक नवऱ्याच्या हातातून त्यांनी काढून घेतलं नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या आणि भाऊसो जिथं थांबले होते, तिथून पुढं पाठ म्हणायला लागल्या. हेमप्रभा उठली. गावात वीज गेली होती. दवाखान्याच्या दाराखालून उजेडाची एक पट्टी दिसत होती. काकूंच्या आवाजात सूचना नव्हती, काही नव्हतं. शेजारणीला घरचं सांगावं तसं त्या सांगत होत्या. काहींचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले. दार उघडलं, डॉक्टरच्या हातात कंदील होता, आणि भाऊसोंनी पानावरून मान वर करून काकूंकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हेडक्लार्कच्या पदाची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. ते वाक्य आलं, तेव्हा काकू एकट्या बोलल्या नाहीत. पट्ट्यावरच्या बायका बोलल्या, तानाबाई बोलल्या, मागं भिंतीला टेकलेल्या कचेरीतल्या मॅडम बोलल्या, खाली चौकातून आवाज आला. “आता मला सवड आहे. तुम्हाला आहे का?”

मग यशराज हळूच म्हणाले, “म्हंजे बाई उभ्या न्हाईत, नव्हं?”

“गप बसा ओ,” वर्षाराणी नाक पुसत म्हणाल्या. “हुभ्या असत्या तर मी बी त्यांनाच मत दिलं असतं.”

विजयसिंह दाराशी उभे होते. एवढा थोरला माणूस, पण मशिनीवर टाकायचा नवाकोरा टॉवेल त्यांनी डोळ्यांना लावला होता. कुणीही उठून गेलेलं नव्हतं. “अतुल,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “टेम्पोवाल्याच्या माणसांस्नी परत बोलीव. ह्या मशिनी खाली न्यायच्यात, आखाड्याच्या कडंला.” टाळ्या अशा पडल्या की चौकातली कबुतरं उडाली. खंडेनवमीला विजयसिंहांनी माडीवर नारळ फोडला तो कपाटांपुढं, आणि ‘उशिराचं चांदणं’ला हळदीकुंकू वाहिलं. फलक मात्र पोरांनी उतरवू दिला नाही.

खंडेनवमीच्या संध्याकाळी भाऊसो घरी आले ते निराळेच. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात अबोलीचा गजरा. सगळं आयुष्य त्यांनी पुड्यातून फक्त कांदाभजी आणली होती. काकू चष्मा लावून टेबलाशी बसल्या होत्या. भाऊसो उंबऱ्यातच थांबले आणि घसा साफ करून म्हणाले, “अंजना, जोतिबाला जाऊया उद्या. निवांत, पायऱ्यांवर बसू. आता मला सवड आहे. तुला हाय का?”

काकूंनी गजरा घेतला, अंबाड्यात माळला आणि आरशात नीट बघितला. चेहरा खुलला होता त्यांचा, आणि ते लपत नव्हतं.

“मला कुठली सवड?” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं वाचन मी घेणार हाय, पैल्या प्रकरणापासनं. विजयसिंहांनी अतुलकडं माझा फलकबी करायला टाकलाय. तुमी जावा की जोतिबाला, आणि पायऱ्यांवर बसून जरा पुस्तक वाचा. मी येते मागनं, सवड झाली की.”